मेडिकेअर माझं, पण सरकारी आरोग्यसेवा नको : अमेरिकेतला जुना वाद

एडिसनचा पंक्या | रवि, २६/१०/२०२५

काल मित्राकडे फराळाला जमलो होतो, बारा-चौदा जण. १ ऑक्टोबरपासून इथलं केंद्र सरकार बंद आहे (खर्चाला संसदेची मंजुरी नाही) आणि बंद पडण्याचं कारणच आरोग्यविमा, तेव्हा चकलीची दुसरी थाळी फिरायच्या आत विषय निघालाच. (ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी : ओबामाकेअरच्या, म्हणजे ओबामांच्या कायद्याने उभ्या केलेल्या खासगी विम्याच्या बाजारातून विमा घेणारे साधारण २.४ कोटी लोक आहेत. त्यातल्या बहुतेकांना २०२१ पासून वाढीव अनुदान मिळतंय, ते डिसेंबरअखेर संपतंय. डेमोक्रॅट म्हणतात आधी ते वाढवा, रिपब्लिकन म्हणतात आधी सरकार उघडा.)

तिथे ७१ वर्षांचे एक काका होते. नाव नको, ते हा धागा वाचतील. काका म्हणाले, "एकदा आरोग्य सरकारच्या हातात दिलं की वाट लागली म्हणून समजा." या काकांचा मोतीबिंदू गेल्याच महिन्यात निघाला. मेडिकेअरवर, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्यावर. मी तसं सुचवलं तर म्हणाले, "ते वेगळं. त्याचे पैसे मी तीस वर्षं भरलेत."

काका एकटे नाहीत. २००९ मध्ये ओबामांच्या विधेयकावर गावोगावी सभा होत होत्या, तेव्हा साउथ कॅरोलायनात एका माणसाने आपल्या खासदाराला, बॉब इंग्लिस यांना, भर सभेत दम दिला होता की माझ्या मेडिकेअरला सरकारचे हात लागता कामा नयेत. इंग्लिस बिचारे समजावत राहिले की अहो, मेडिकेअर सरकारच चालवतं. पटलं नाही.

मला वाटतं, भांडण शब्दापासूनच सुरू होतं. 'सरकारी आरोग्यसेवा' म्हणजे नक्की काय? इस्पितळ सरकारचं आणि डॉक्टर सरकारचा पगारी, अशी व्यवस्था अमेरिकेत आहेच : माजी सैनिकांसाठीची व्हीए. मेडिकेअरमध्ये (६५ वर्षांवरचे) डॉक्टर खासगी, इस्पितळ खासगी, बिल मात्र सरकार भरतं. गरिबांच्या मेडिकेडचंही ढोबळमानाने तेच. ओबामाकेअरमध्ये तर विमा कंपनीसुद्धा खासगी, सरकार फक्त नियम घालतं आणि हप्त्याला हातभार लावतं. टीव्हीवर या तिघांना एकाच काठीने हाणतात.

२०२३ मध्ये अमेरिकेने आरोग्यावर ४.९ ट्रिलियन डॉलर खर्च केले, जीडीपीच्या १७.६ टक्के. त्यातला जवळजवळ निम्मा वाटा केंद्र, राज्यं आणि स्थानिक सरकारांनी उचलला. म्हणजे सरकारला घरात घ्यायचं की नाही हा प्रश्न आता उरलेलाच नाही. ते माजघरात बसून जेवतंय.

इतिहास थोडक्यात. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नोव्हेंबर १९४५ मध्ये सगळ्यांसाठी राष्ट्रीय विमा मागितला. डॉक्टरांच्या संघटनेने, एएमएने, सभासदांकडून माणशी २५ डॉलर वर्गणी काढली, व्हिटेकर आणि बॅक्स्टर नावाच्या कॅलिफोर्नियातल्या प्रचारक जोडप्याला कामाला लावलं आणि 'सोशलाइज्ड मेडिसिन' हा शब्द घराघरात पोचवला. १९६१ मध्ये याच विषयावर रेगन (तेव्हा नट, पुढे राष्ट्राध्यक्ष) यांच्या आवाजात एलपी निघाली होती, डॉक्टरांच्या बायका शेजारणींना कॉफीला बोलावून ती ऐकवत. तरी ३० जुलै १९६५ ला जॉन्सन यांनी मेडिकेअरवर सही केली, ट्रूमन यांच्या गावी जाऊन, आणि पहिलं कार्ड त्यांनाच दिलं. विरोध करणाऱ्या डॉक्टरांची मिळकत पुढे मेडिकेअरनेच वाढवली, तो भाग वेगळा.

माझं मत : मेडिकेअरचं वय टप्प्याटप्प्याने खाली आणावं. आधी ६०, मग ५५, मग बघू. २०२३ मध्ये माझी नोकरी गेली तेव्हा कोब्राचं पत्र आलं. कोब्रा म्हणजे जुना विमा चालू ठेवा, पण कंपनीचा वाटाही तुम्हीच भरा, वर २ टक्के प्रशासन खर्च. आमच्या चौघांचे महिन्याला २,१०० डॉलर. पगार बंद झाला त्याच आठवड्यात! आरोग्यविमा नोकरीला बांधण्याची ही अक्कल जगात दुसऱ्या कुठल्या श्रीमंत देशाला सुचलेली नाही.

तुम्हाला काय वाटतं? खास करून इथे राहणाऱ्यांना.

टेक्सासी | रवि, २६/१०/२०२५

पंक्या, लेख छान जमलाय, निष्कर्ष उफराटा.

नोकरीला विमा बांधण्याची अक्कल कुणाची ते सांगायचं विसरलास. सरकारची! १९४२ मध्ये युद्धकाळात पगारवाढ गोठवली. कामगार मिळेनात, मालकांनी पगाराऐवजी विमा द्यायला सुरुवात केली, कारण तो 'पगार' धरायचा नाही असं सरकारनेच ठरवलं. १९५४ च्या करकायद्याने त्याला करमाफी पक्की केली. तेव्हापासून मला मालकाने हजार डॉलर रोख दिले तर कर, विमा दिला तर कर नाही. मग कोण रोख घेईल? ७० वर्षं आपण दुसऱ्याच्या पाकिटातून डॉक्टरचे पैसे देतोय, आणि दुसऱ्याच्या पाकिटातून देताना कुणी भाव करत नाही. तुझ्या त्या २,१०० डॉलरमधले बहुतेक नोकरी असतानाही तुझ्याच पगारातून जात होते, फक्त दिसत नव्हते. कोब्राने तुला पहिल्यांदा खरी किंमत दाखवली, तर तू कोब्रावर चिडलास.

दुसरं. डॉक्टर कमी का? निवासी डॉक्टरांच्या जागांचे पैसे मुख्यतः मेडिकेअर देतं आणि १९९७ मध्ये काँग्रेसने (इथल्या संसदेने) त्या जागांवर टोपण लावलं. लोकसंख्या वाढली, म्हातारे वाढले, टोपण जवळपास तसंच. नवीन इस्पितळ काढायचं तर अनेक राज्यांत 'गरजेचा दाखला' लागतो, आणि त्या सुनावणीत शेजारचं जुनं इस्पितळ येऊन हरकत घेऊ शकतं. हॉटेल काढायला समोरच्या हॉटेलवाल्याची परवानगी घ्या म्हटल्यासारखं आहे.

जिथे विमा नाही तिथे बघ. डोळ्यांचं लेसिक. तंत्र सुधारत गेलं, किंमत महागाईच्या मानाने वाढली नाही, दर जाहिरातीत लिहिलेला असतो. इतर कुठल्या ऑपरेशनचं असं आहे सांग.

आणि मेडिकेअर इतकं गोजिरं असेल तर त्याच्या इस्पितळ निधीचं काय? विश्वस्तांच्या २०२५ च्या अहवालानुसार तो २०३३ मध्ये आटतोय. घरातल्या चौघांना पुरत नाही आणि तू गावजेवण घालायला निघालास.

सातारी तात्या | रवि, २६/१०/२०२५

पॉपकॉर्न नाही, शेंगदाणे घेऊन बसलोय. चालू द्या.

(४.९ ट्रिलियन म्हणजे किती शून्यं हो? मी वहीचं पान आडवं केलं.)

रात्रपाळी | सोम, २७/१०/२०२५

मी पुण्यात बसून अमेरिकेची बिलं वसूल करते. एआर कॉलिंग, त्यातही डिनायल्स, म्हणजे विमा कंपन्यांनी नाकारलेली बिलं. अकरा वर्षं झाली. अमेरिका कधी पाहिली नाही, पण तिथल्या माणसाच्या गुडघ्यापासून आतड्यापर्यंत कशाला कुठला कोड लागतो ते झोपेत सांगेन. म्हणून दोन शब्द.

टेक्सासी म्हणतात लोक भाव करत नाहीत. करणार कशाचा? २०२१ पासून इस्पितळांना दर जाहीर करणं सक्तीचं झालं. त्या फाइली मी उघडून बघते. एकच इस्पितळ, एकच एमआरआय, एकच कोड, आणि पेयरगणिक (बिल भरणाऱ्या विमा कंपनीगणिक) वेगळा दर. एका कंपनीला चारशे, दुसरीला अकराशे, रोखीवाल्याला कधी मधला कधी सगळ्यात वरचा. मंडईत वांग्याचा भाव गिऱ्हाइकाचा चेहरा बघून सांगतात तसं, पण इथे चेहरा विमा कार्डाचा.

माझ्या कामात सरकारी आणि खासगीतला फरक असा दिसतो. मेडिकेअरचा नियम लिहिलेला असतो. क्लेम बारा महिन्यांत पाठवा म्हणजे बारा महिन्यांत. खासगीवाल्यांचं कुणाचं ९० दिवस, कुणाचं १८०, कुणाचं करारात असेल ते. मेडिकेअरने नाकारलं तर का नाकारलं ते मला वाचून कळतं. खासगीत सीओ-१९७ (आगाऊ मंजुरी नव्हती) येतं, मी मंजुरीचा नंबर दाखवते, मग सीओ-५० येतं (वैद्यकीय गरज नव्हती), मग मी डॉक्टरांच्या नोट्स पाठवते, मग सीओ-१६ (माहिती अपुरी). त्याच नोट्स परत पाठवते. तोपर्यंत मुदत संपते. मुदत संपावी म्हणूनच हे चालतं असं मी म्हणणार नाही, नोकरी करायची आहे.

पण पंक्यादादा, मेडिकेअर म्हणजे एकच मेडिकेअर समजू नका. आता निम्म्याहून जास्त म्हातारे मेडिकेअर ॲडव्हांटेजमध्ये आहेत. पैसे सरकारचे, चालवते खासगी कंपनी, आणि तिथे आगाऊ मंजुरीचं सगळं लचांड आहेच. तुमच्या काकांनी कुठलं घेतलंय ते विचारा एकदा. त्यांचं "ते वेगळं" अर्धं बरोबरही असू शकेल.

अवांतर : तुमच्याकडे उद्या खरोखर एकच पेयर आला तर आमचा अख्खा मजला घरी बसेल. नवी मुंबई, चेन्नई, हैदराबाद, सगळीकडचे मजले. त्यामुळे माझं मत काय विचारू नका.

टेक्सासी | सोम, २७/१०/२०२५

@रात्रपाळी, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. पुण्यातले, चेन्नईतले मजलेच्या मजले एका माणसाच्या एमआरआयवर जगतायत, तेही अमेरिकेतल्या मजल्यांशी भांडून. हा मधला थर आला कुठून? रुग्णाच्या खिशातून पैसे थेट जात नाहीत म्हणून. ओबामाकेअरने विमा कंपन्यांना बजावलं की हप्त्यातले ८० ते ८५ टक्के उपचारांवर खर्च करा. ऐकायला बरं वाटतं. पण उरलेल्या १५-२० टक्क्यांतच ज्याचा नफा, त्याला एकूण आकडा वाढलेलाच बरा ना? हलवायाला सांगितलं की तुझा फायदा लाडवाच्या वजनाच्या वीस टक्के, तर लाडू लहान कोण वळेल!

लीड्सवाली | सोम, २७/१०/२०२५

इंग्लंडमधून. अमेरिकन मित्रमंडळींत मला दोन प्रकारचे लोक भेटतात. एकांना एनएचएस (इथली सरकारी आरोग्यसेवा) म्हणजे वैकुंठ वाटतं, दुसऱ्यांना स्मशान. दोघांनी कधी इथल्या जीपीचा (फॅमिली डॉक्टरचा) फोन सकाळी आठ वाजता लावून पाहिलेला नसतो.

फुकट नाही, आधी ते घ्या. करातून जातं. इंग्लंडात औषधाच्या प्रत्येक नगाला ९.९० पौंड. बाहेरून आलेल्यांना व्हिसासोबत आरोग्य अधिभार, मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, आणि नोकरी लागली की वरून कर आहेच. आम्ही तो दोनदा भरलाय.

माझ्या नवऱ्याचा गुडघा. जीपीने पाठवलं, तज्ज्ञाने बघितलं, बदलायचा ठरला. उद्दिष्ट १८ आठवड्यांचं असतं. आमचा नंबर चौदा महिन्यांनी लागला. त्या चौदा महिन्यांत त्याने बाग सोडली, जिना टाळायला लागला, चिडचिडा झाला. देशभरातली यादी २०२३ च्या सप्टेंबरात ७७ लाखांच्या घरात गेली होती, हे तेव्हा बातम्यांत ऐकायचो आणि वाटायचं, आपण त्यातले एक.

आणि तरीही. माझ्या सातव्या महिन्यात रक्तदाब चढला, रात्री दोनला ॲम्ब्युलन्स आली, तीन आठवडे इस्पितळात, बाळ काचेच्या पेटीत. घरी आलो तेव्हा हातात एकच कागद होता, लसीकरणाचा. त्या वर्षी माझी बहीण बॉस्टनजवळ बाळंत झाली. सगळं सुरळीत, उत्तम विमा, तरी सहा महिने कुठल्या ना कुठल्या डॉक्टरचं वेगळं बिल येतच होतं. भूल देणाऱ्याचं निराळं, प्रयोगशाळेचं निराळं. बारशाच्या आहेराच्या यादीसारखी तिने ती वहीत मांडून ठेवली होती.

तेव्हा एकीकडे वेळ भरायचा, दुसरीकडे पैसे. पण पंक्या, तुमच्या यादीत एक गोष्ट राहिली. सगळ्यांना विमा म्हणजे सरकारी इस्पितळ असं थोडंच आहे? स्वित्झर्लंडमध्ये १९९६ पासून प्रत्येकाला विमा सक्तीचा, आणि विकतात खासगी कंपन्या. मात्र मूळ विम्यावर त्यांना नफा काढता येत नाही. जर्मनीत बिस्मार्कने १८८३ मध्ये आजारविमा आणला, तो काही डावा नव्हता. अमेरिकन वादात कायम इंग्लंड आणि कॅनडाच का येतात? इंग्रजी वाचता येतं म्हणून?

एडिसनचा पंक्या | सोम, २७/१०/२०२५

लीड्सवाली, शेवटच्या वाक्याला दंडवत.

टेक्सासी, १९४२ चं मान्य. मीही तेच म्हणतोय, नोकरीला विमा बांधणं चूक. फरक एवढाच की गाठ सोडून तू माणसाला मोकळा सोडणार आणि मी सार्वजनिक खुंटीला बांधणार. (उपमा बरी नाही, पण सकाळची वेळ आहे.)

लेसिकचं उदाहरण मात्र दरवेळी देऊ नका रे. चष्म्यावर निभतं म्हणून माणूस लेसिकसाठी दहा ठिकाणी फिरतो. खर्चाचा मोठा भाग थोड्या माणसांवर होतो : कॅन्सर, किडनी, हृदय, शेवटचं वर्ष. त्या माणसाला ना वेळ असतो ना माहिती. आणि बाजारात ज्याला परवडत नाही तो माघारी जातो. इथे १९८६ पासून कायदा आहे, रेगन यांच्याच सहीचा, की इमर्जन्सीत आलेल्याला तपासून स्थिर केल्याशिवाय घालवता येत नाही. त्याचे पैसे शेवटी कुणाच्या तरी बिलात जातातच. म्हणजे मधुमेहाच्या गोळ्यांना नकार, पण पाय सडून आला की दार उघडं. याला कुणी बाजार म्हणत असेल तर म्हणो.

औषधांच्या किमती बघ. २००३ मध्ये मेडिकेअरला औषधं जोडली तेव्हा कायद्यातच लिहिलं की सरकारने कंपन्यांशी घासाघीस करायची नाही. व्हीएला मात्र तशी मुभा आहे. सरकारच्याच लेखा कार्यालयाने, जीएओने, हिशेब मांडला : २०१७ मध्ये व्हीएने त्याच औषधांना दर नगामागे सरासरी ५४ टक्के कमी पैसे मोजले. एकच सरकार, एकच गोळी! २०२२ च्या कायद्याने ही बंदी काही औषधांपुरती उठली, पहिल्या दहा औषधांचे ठरवलेले दर जानेवारी २०२६ पासून लागू होतील. इन्सुलिन मेडिकेअरवाल्यांना महिन्याला ३५ डॉलरच्या वर नाही. ज्यांनी इन्सुलिन शोधलं त्यांनी पेटंट टोरांटो विद्यापीठाला एकेका डॉलरला दिलं होतं.

टेक्सासी | सोम, २७/१०/२०२५

व्हीएचं नाव तूच काढलंस म्हणून. तू म्हणतोस तशी खरीखुरी सरकारी व्यवस्था अमेरिकेत एकच आहे ना? २०१४, फिनिक्स. कागदोपत्री नव्या रुग्णाला सरासरी २४ दिवसांत डॉक्टर भेटत होता. महानिरीक्षकांच्या माणसांनी २२६ जणांचा नमुना तपासला तर निघाले ११५ दिवस. खऱ्या प्रतीक्षायाद्या वेगळ्याच ठेवल्या होत्या. का? कारण वेळ कमी दाखवली तर बोनस. मंत्री शिन्सेकी यांना ३० मे ला राजीनामा द्यावा लागला. लढून आलेल्या माणसांची ही गत, तर तुझी-माझी काय?

आणि तुमच्या लाडक्या एका पेयरचं (सगळ्यांची बिलं एकट्या सरकारने भरायची, त्याचं) काय झालं ते व्हरमाँटला विचार. डाव्या वळणाचे सिनेटर बर्नी सँडर्स यांचं राज्य, सहा-साडेसहा लाख वस्ती, गव्हर्नर पीटर शमलिन त्याच वचनावर निवडून आलेले. २०११ मध्ये कायदा झाला. डिसेंबर २०१४ मध्ये स्वतः शमलिन यांनीच गुंडाळला. हिशेब करून पाहिला तर मालकांवर पगाराच्या ११.५ टक्के नवा कर आणि लोकांवर उत्पन्नाच्या ९.५ टक्क्यांपर्यंत. ज्याला मनापासून हवं होतं त्यानेच हात वर केले. यावर बोला.

मधली आळी | मंगळ, २८/१०/२०२५

बोलतो. व्हरमाँटचे ११.५ टक्के ऐकून सगळे दचकतात, कारण तो 'कर' आहे. २०२४ मध्ये मालकामार्फत घेतलेल्या कुटुंबविम्याचा सरासरी हप्ता २५,५७२ डॉलर होता, त्यातले ६,२९६ कामगाराच्या पगारातून कापलेले आणि उरलेले, खुद्द टेक्सासी यांच्याच म्हणण्यानुसार, न दिसणारे. ज्याचा पगार ८० हजार त्याला तो किती टक्के पडला? तीसच्या वर. पण त्याला कर म्हणत नाहीत, 'बेनिफिट' म्हणतात. शमलिन हरले ते गणितात की शब्दात, मला अजून ठरवता आलेलं नाही. थोडे दोन्हींत असावेत. छोट्या राज्याला एकट्याने करणं अवघड होतं हेही खरं.

सँडर्स यांच्या 'सगळ्यांना मेडिकेअर' योजनेचंही तसंच. २०१८ मध्ये मर्केटस सेंटर या अभ्याससंस्थेच्या चार्ल्स ब्लाहूस यांनी (योजनेचे विरोधक) आकडा काढला : दहा वर्षांत केंद्राचा खर्च ३२.६ ट्रिलियनने वाढेल. विरोधकांनी तो फलकावर लिहिला. त्याच अहवालात, इस्पितळांनी मेडिकेअरचे दर निमूट स्वीकारले असं धरलं, तर देशाचा एकूण आरोग्यखर्च साधारण २ ट्रिलियनने कमी होतो. समर्थकांनी तो फलकावर लिहिला. ब्लाहूस स्वतः सांगत होते की इस्पितळं असे निमूट स्वीकारतील हेच मला अशक्य वाटतं. ते वाक्य कुणीच फलकावर लिहिलं नाही.

खरी मेख तिथेच आहे. खासगी विमा इस्पितळांना मेडिकेअरच्या दुपटीहून जास्त देतो. उद्या सगळ्यांना मेडिकेअरचा दर लावला तर खेड्यातली इस्पितळं बंद पडतील की शहरातली इस्पितळं संगमरवर लावायचं थांबवतील? दोन्ही होईल असं मला वाटतं, आणि कुठलं जास्त होईल यावर माझं मत अवलंबून आहे. पंक्या, तुमच्या '६०, मग ५५, मग बघू' मध्ये या 'बघू'ला फार काम दिलंय.

ओरेगॉन कुणी काढलं नाही म्हणून मी काढतो. २००८ मध्ये त्या राज्याकडे मेडिकेडच्या थोड्याच जागा आणि अर्जदार ९० हजारांच्या घरात, म्हणून चक्क सोडत काढली. संशोधकांना लॉटरीच लागली, कारण नशिबाने मिळालेले आणि नशिबाने हुकलेले असे दोन सारखे गट आयते तयार. दोन वर्षांनी काय दिसलं? रक्तदाब, कोलेस्टेरॉल, साखर, यांत ठळक फरक नाही. टेक्सासी खूश. नैराश्य बरंच कमी झालं, आणि आजारपणाने घर बुडण्याइतका खर्च जवळजवळ नाहीसा झाला. पंक्या खूश. इमर्जन्सीतल्या फेऱ्या कमी होतील असं दोन्हीकडचे लोक धरून चालले होते, त्या ४० टक्के वाढल्या. कुणीच खूश नाही.

सातारी तात्या | मंगळ, २८/१०/२०२५

शेंगदाणे संपले. एक अनुभव सांगू का, अमेरिकेचा नाही. भावकीतल्या एकाला महात्मा फुले योजनेचं कार्ड घेऊन आम्ही एका खासगी इस्पितळात गेलो. दारावर योजनेचा फलक. आत म्हणाले, या आजाराचं पॅकेज परवडत नाही, बेड नाही. रोख म्हटल्यावर अर्ध्या तासात बेड. ते मधल्या आळीचं दराचं वाचलं आणि तेच आठवलं. तुमच्या मेडिकेडला डॉक्टर असंच करतात का?

रात्रपाळी | मंगळ, २८/१०/२०२५

तात्या, करतात. दारावर फलक लावत नाहीत, एवढंच. 'सध्या नवीन मेडिकेड पेशंट घेत नाही' असं फोनवर सांगतात. मेडिकेडचा दर बऱ्याच राज्यांत मेडिकेअरपेक्षाही कमी असतो.

टेक्सासी | मंगळ, २८/१०/२०२५

मधली आळी, प्रतिसाद आवडला, राग आला. ३० टक्क्यांचं गणित बरोबर आहे. म्हणून तर म्हणतो ते पैसे माणसाच्या हातात द्या, हेल्थ सेव्हिंग अकाउंटमध्ये (करमुक्त आरोग्यबचत खात्यात) टाका, मोठ्या आजारापुरता विमा घेऊ द्या. सरकारला द्यायचे कशाला?

आणि पंक्या, एक वैयक्तिक विचारतो, राग मानू नकोस. तुझी आई ग्रीन कार्डवर तुझ्याकडे आहे ना? तिने या देशात एक डॉलर कर भरलेला नाही. तिला पाच वर्षांनी मेडिकेअर घेता येईल आणि त्याचा मोठा भार माझ्यासारख्यांच्या करावर. आपल्या लोकांत हे सर्रास चालतं आणि वर सरकारी योजनांच्या बाजूने लेख. मला हे बरोबर वाटत नाही.

एडिसनचा पंक्या | मंगळ, २८/१०/२०२५

राग आलाय, पण उत्तर देतो.

आई ६९ वर्षांची आहे. येऊन तीन वर्षं झाली. अजून दोन वर्षांनी तिला मेडिकेअर विकत घेता येईल. विकत, फुकट नाही. स्वतःची किंवा नवऱ्याची दहा वर्षांची नोकरी नसेल तर पार्ट ए (इस्पितळाचा विमा) चे २०२५ च्या दराने महिन्याला ५१८ डॉलर आणि पार्ट बी (डॉक्टरांचा) चे १८५. मी भरणार आहे. पार्ट बी च्या खर्चाचा साधारण पाऊण हिस्सा सरकारी तिजोरीतून येतो हे मला ठाऊक आहे, ते तू म्हणालास ते चूक नाही. पण मी एकवीस वर्षं मेडिकेअरचा कर भरतोय, पगाराचे १.४५ टक्के, मालकाचे तेवढेच. एच-१बीवर होतो तेव्हापासून. तेव्हा परत जावं लागलं असतं तर ते पैसे इथेच राहिले असते आणि अनेकांचे राहिलेतही. त्यांचा हिशेब कोण मांडतो?

सध्या तिला ओबामाकेअरच्या बाजारातून विमा घेतलाय, पूर्ण हप्ता, अनुदान नाही. २०१० च्या आधी रक्तदाब आणि जुनी ॲन्जिओप्लास्टी असलेल्या बाईला स्वतंत्र विमा कुणी दिला नसता, आणि दिला असता तर ते आजार वगळून. त्याआधी दोनदा ती व्हिजिटर विम्यावर आली होती. त्या कागदावर जुन्या आजारांबद्दल जे लिहिलेलं असतं ते वाचून मी सहा महिने तिला जिना चढताना बघत असायचो. हे तत्त्वज्ञान नाही रे. जिना होता, बेसमेंटचा, तेरा पायऱ्या.

आणि विमा आहे तरी काय होतं ते सांगतो. ऑगस्टमध्ये तिचा इको (हृदयाची सोनोग्राफी) केला. नेटवर्कमधलं, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेलं इस्पितळ, डॉक्टरांनीच पाठवलेलं. विमा कंपनीने नाकारला, आगाऊ मंजुरी नव्हती म्हणून. आता इस्पितळाचं १,१८० डॉलरचं बिल आलंय, दुसरी आठवण, खाली लाल अक्षरांत वसुलीची धमकी. उद्या भरून टाकणार आहे. क्रेडिट स्कोअर कोण घालवेल.

रात्रपाळी | बुध, २९/१०/२०२५

थांबा, भरू नका!

विमा कंपनीकडून ईओबी (क्लेमचा हिशेब सांगणारा कागद) आला असेल, ज्यावर 'हे बिल नाही' असं छापलेलं असतं आणि म्हणून सगळे फेकून देतात तो. त्यात इकोच्या ओळीत 'पेशंट रिस्पॉन्सिबिलिटी'च्या रकान्यात किती आहे?

एडिसनचा पंक्या | बुध, २९/१०/२०२५

ड्रॉवरमध्ये होता. शून्य.

रात्रपाळी | बुध, २९/१०/२०२५

मग हा सीओ आहे, पीआर (पेशंटची जबाबदारी) नाही. सीओ म्हणजे इस्पितळ आणि विमा कंपनी यांच्यातल्या करारातली जबाबदारी. मंजुरी घेणं इस्पितळाचं काम होतं, त्यांनी नाही घेतली. नेटवर्कमधलं आहे, तर ही रक्कम त्यांना सोडावी लागते, आईंकडून मागता येत नाही. बहुतेक क्लेम नाकारल्यावर त्यांच्या सिस्टीमने आपोआप पेशंटच्या नावावर टाकलाय. आमच्याकडेही असं सुटतं कधी कधी, खोटं कशाला बोलू.

बिलिंग ऑफिसला फोन करा. आधी अकाउंट होल्डवर टाकायला सांगा म्हणजे वसुलीला जाणार नाही. ईओबीची प्रत पाठवा. 'बॅलन्स बिलिंग' (विम्याने न दिलेली रक्कम पेशंटकडून मागणं) हा शब्द वापरा. बोलणाऱ्या माणसाचं नाव आणि कॉल रेफरन्स नंबर लिहून घ्या, हे सगळ्यात महत्त्वाचं. त्यांनी हात झटकले तर विमा कंपनीला तिघांचा एकत्र कॉल लावायला सांगा.

टेक्सासी | बुध, २९/१०/२०२५

आणि लेखी घे. फोनवर 'हो हो' म्हणतात आणि पुढच्या महिन्यात तिसरी आठवण येते. माझं दोनदा झालंय. बाकीचं भांडण नंतर. आईंना नमस्कार सांग.

एडिसनचा पंक्या | बुध, २९/१०/२०२५

आत्ता लावला. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे', पस्तीस मिनिटं झाली. आई विचारतेय स्पीकरवर कसलं संगीत लावलंय, बरं आहे म्हणतेय.

रात्रपाळी | बुध, २९/१०/२०२५

पियानो असेल तर पुढच्या दहा मिनिटांत उचलतील. गिटार असेल तर चहा टाका.